भूगोलाच्या पुस्तकातला अध्याय

नाशिकरोड,
१७ ऑगस्ट १९८६

प्रिय भिमाजी,

सप्रेम जयभीम. आम्ही सगळे खुशाल. तुझ्या बैलाचा पाय बरा झाला का, ते कळव. नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि तुझी वहिनी सुमन लिहितेय. कारण माझा चष्मा.

तुझी शकू चौथीत दुसऱ्यांदा नापास झाली, तिला वाचता येत नाही, "दादा, तुम्ही शिकलेले, शाळेतून काढू का?" असं तू विचारलंस. मी 'काढ' म्हणून कळवलं. त्यानंतर इकडे काय झालं ते ऐक.

पावसाळ्यातल्या वर्षावासात दर रविवारी सकाळी विहारात बुद्धचरित्र वाचायचा मान माझा. गेल्या रविवारी चष्मा लावला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, अर्धा तास वाचलं. सुलाबाईंनी डोळे पुसले. "सहादूभाऊ वाचतो ना, लय बरं वाटतं बाई!" शेजारचे जयराम गुरुजी माझ्या कानाशी वाकले. "सहादूभाऊ, या पुस्तकात तर नाशिक जिल्ह्यातले धबधबे आहेत."

आमच्या थोरलीने जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, तेव्हा हौसेने विहाराच्या पुस्तकालाही घातलं होतं. मी घरून भूगोल घेऊन गेलो. (वहिनी हसतेय, म्हणून इथे अक्षर हललंय.)

आता लपवून काय करू? मला वाचता येत नाही, भिमा. आदल्या दिवशी सुमन अध्याय वाचते, मी ऐकून पाठ करतो. चष्म्याला नंबरच नाही. सातवीपर्यंत गेलो तो पाठांतरावर.

वाटलं, अब्रू गेली. पण गुरुजींनी चहा पाजला. ते पुण्याला ट्रेनिंग करून आलेत. म्हणाले, "याला डिस्लेक्सिया म्हणतात. दहा-वीस माणसांत एखाद्याला असतोच. हुशारांना असतो, साहेबांच्या पोरांना असतो. पोरींनाही असतो, त्या गप्प बसतात म्हणून कळत नाही. आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो."

मी हिशेब केला. विहारात चाळीस माणसं होती. म्हणजे माझ्यासारखे आणखी दोन-तीन तिथेच मान डोलवत बसले होते. तेव्हापासून मी विहारात पुढे बसणाऱ्या फकिराच्या चष्म्याकडे संशयाने बघतो.

शकूचं नाव काढलं असशील तर हे पत्र मिळताच परत घाल. 'काढ' म्हणालो तेव्हा मला माझीच लाज वाटत होती, आणि ती मी पोरीवर ढकलली. ती ढ नाही रे, माझ्यावर गेलीय. दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडे पाठव. गुरुजी दोघांना शिकवणार आहेत, आम्ही शेजारी बसू.

दादा शिकलेला म्हणून तू नामपूरभर सांगत फिरतोस, तेव्हा तुझा विश्वास बसायचा नाही. म्हणून खालची दोन शब्दांची ओळ मी स्वतः लिहितोय. सुमनने हात धरलेला नाही. शकूची वही काढ आणि ही ओळ तिच्या शेजारी ठेवून बघ.

तुझा दादा