गळक्या झडपेचा मालक

४ फेब्रुवारी
सर्दीचं औषध आणायला गेलो आणि हृदयरोग घेऊन आलो!

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली. गप्प झाले. पुन्हा लावली. हा गृहस्थ वीस वर्षांत माझ्यासमोर कधी गप्प बसलेला नाही, तेव्हाच पाल चुकचुकली. म्हणाले, "ठोक्यात आवाज येतोय." म्हटलं, "मी आवाज करतो म्हणून तर माझं घर चालतं." हसले नाहीत. इकोची चिठ्ठी लिहिली.

७ फेब्रुवारी
इको. डाव्या कुशीवर निजवून छातीवर काहीतरी थंडगार, बुळबुळीत फासतात आणि पडद्यावर तुमचंच हृदय तुम्हाला दाखवतात. आमचे वाचक म्हणतात मला हृदय नाही — आता फोटोच आहे. त्यातली एक झडप बिजागरी निखळलेल्या दारासारखी फडफडत होती.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाल्या, "मायट्रल झडप नीट मिटत नाही. दर ठोक्याला रक्त पुढे जायचं ते थोडं मागे येतं. गळती चांगलीच आहे." आमच्या घराण्यात कुणाच्या पोटात काही राहत नाही, हृदयात तरी कसं राहणार?

मग प्रश्न. "जिना चढताना दम लागतो?"
"जिन्याला लागत असेल. माझं वजन बघा ना."
"रात्री उशा किती लागतात?"
"एकच. दुसरी बायको ओढून घेते."
"पाय सुजतात?"
"डोकं सुजतं. लेख छापून आला की."

तिसऱ्याला हसल्या! कागदावर लिहिलं : त्रास काही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा इको. छाती फुगवून घरी आलो.

८ फेब्रुवारी
खरं म्हणजे काल घरी येताना दोनदा थांबलो. तिसरा मजला. वहीला सांगायला काय जातं.

२ मार्च
थांबायची युक्ती सापडली — शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचायच्या. माणूस दमलेला न दिसता जिज्ञासू दिसतो. आज दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दारच उघडलं. "काही हवंय का?" म्हटलं, "पाटीवरचं अक्षर काय सुरेख आहे!" त्यांनी आग्रहानं आत बसवलं. दम खाल्ला, बिस्किटंही खाल्ली.

१९ ऑगस्ट
आज दुसरा इको. बायको सोबत आली — चूक माझी, चष्मा सापडत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं, मी नवीन उत्तरं घासूनपुसून नेली होती. तोंड उघडलं आणि —

"यांना विचारू नका, मला विचारा," बायको म्हणाली. "हे दर मजल्यावर थांबून पाट्या वाचतात. पंधरा वर्षं त्याच पाट्या आहेत. तीन उशांवर टेकून झोपतात. बुटाची नाडी बांधताना धापा टाकतात."
"अगं —"
"तुम्ही गप्प बसा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे फेब्रुवारीत सांगितलं असतंत तर मी तेव्हाच ऑपरेशन सुचवलं असतं. मी तुमची उत्तरं खरी धरली हो."

सहा महिन्यांत हृदय फुगलंय, जोर कमी झालाय. झडप अजून शिवून दुरुस्त होईल. पण आणखी वेळ काढला तर स्नायूच थकेल, मग झडप सुधारून उपयोग नाही.

तीन विनोद, सहा महिने. इतका महाग मी आजवर कधी विकला गेलो नव्हतो.

बायको वाटेत एक अक्षर बोलली नाही. तिचं बोलणं परवडलं.

२१ ऑगस्ट
घशातून नळी घालून झडप मागच्या बाजूने बघितली. घसा बधिर, शब्द फुटेना. बायकोनं नर्सला विचारलं, "हे दर महिन्याला करता येतं का हो?" म्हणजे बोलायला लागली. हुश्श!

२५ ऑगस्ट
सर्जन भेटले. माणूस शांत, हात सुताराचे. छाती उघडायची, हृदय थांबवायचं, रक्त यंत्रानं फिरवायचं, झडप शिवायची, भोवती कडं बसवायचं, हृदय पुन्हा चालू करायचं. "तेवढा वेळ मी कुठे असतो?" मी विचारलं. "टेबलावर," म्हणाले. यांना विनोद कळत नाही किंवा माझ्यापेक्षा चांगला कळतो.

त्यांनी ऑपरेशनसाठी माझ्याकडे तारीख मागितली. म्हटलं, विचार करून सांगतो.

२७ ऑगस्ट
भीती वाटते. लिहिलं एकदाचं. पंचवीस वर्षं गावभरच्या भित्र्यांच्या टोप्या उडवल्या — आणि आता हे अक्षर बघा, मेलेल्या झुरळासारखं उताणं पडलंय.

३० ऑगस्ट
इस्पितळातून दुसऱ्यांदा फोन. पहिल्यांदा सांगितलं, लेख द्यायचाय. आज सांगितलं, पाहुणे यायचेत. कोण पाहुणे, ते अजून ठरवलेलं नाही. बायको ऐकत होती. "यमाला काय सांगणार? चष्मा सापडत नाही?"

डॉक्टरीणबाईंचं आणखी एक म्हणणं — असली झडप कधी कधी रक्ताच्या नात्यात असते, मुलांचाही इको करून घ्या. लेक तेवीस वर्षांची, दोन-दोन पायऱ्या एकदम चढते. म्हणाली, "बाबा, तुमचं नाक आलंय तेवढं पुरे!" तरी गुरुवारची वेळ घेतली.

४ सप्टेंबर
लेकीचीही झडप गळते. थोडीच. सध्या औषध नाही, दर वर्षी बघायचं.

संध्याकाळी माझ्या खुर्चीपाशी खाली येऊन बसली. "बाबा, तुम्ही आधी करून घ्या. मग मला सांगा, किती दुखतं ते. खरं सांगायचं हं."

फोन केला. सोमवारी दाखल.