'पर्र' या शब्दाचं मूळ आणि माझ्या नडग्या

३ मार्च १८८४, सोमवार
संकल्प: आपल्या लँकेशायरच्या बोलीतल्या 'पर्र' या शब्दाचं मूळ याच आठवड्यात खणून काढायचं. गावातले अडाणी म्हणतात, पर्र म्हणजे एकमेकांची कॉलर धरून पायातल्या क्लॉगनं, म्हणजे लाकडी तळाच्या बुटानं, नडग्या फोडणं. हा झाला वरवरचा अर्थ. शब्द मुळात लॅटिन. रोमन शिपाई पाय पुढे करून नमस्कार करत, तो हा पर्र. पुरावा अजून नाही. मिळेल, जातो कुठे.

टॅबिथाबाईंना लग्नाचं विचारलं. विधवा आहेत, क्लॉगचं दुकान एकट्या चालवतात, हसल्या की खळी पडते. रविवारी चर्च सुटल्यावर सांगते म्हणाल्या. होकारच समजायचा. बायकांना विद्वान माणूस आवडतो.

४ मार्च
टॅबिथाबाईंकडून उत्तम माहिती. त्यांचा नवरा ल्यूक पर्र खेळूनच गेला. नडगी चिरली, पू झाला, पाय कापला, तरी वाचला नाही. सांगताना रडत होत्या. ल्यूक शेवटी 'पर्र'चा नेमका कसा उच्चार करायचा, ते मी विचारलं. त्या उठून आत गेल्या त्या आल्याच नाहीत. आठवत बसल्या असणार.

५ मार्च, संध्याकाळ
गुत्त्यात राडा. औषधवाला एन्टविसल चारचौघांत म्हणाला, शब्द डच आहे, अर्थ विस्तवात सळई खुपसणं. वर म्हणे, मास्तर, तुमचं लॅटिन घाला चुलीत. मी हातातला बिअरचा मग त्याच्यावर फेकला. गुत्त्याच्या मालकाचा कान फुटला. नेम बरोबर होता, एन्टविसल हलला.

आमच्याकडे असले वाद पुस्तकं उघडून मिटत नाहीत. शनिवारी दुपारी कालव्यामागच्या मैदानात, क्लॉग घालून पर्र. मी तयार आहे. त्याला मूळ अर्थच ठाऊक नाही, तो काय लढणार.

६ मार्च
सराव सुरू. पलंगाच्या खुराला लाथा. अंगठ्याचं नख गेलं. खूर शाबूत. ओक लाकूड आहे, त्याचा दोष नाही.

टॅबिथाबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, मास्तर, चुलीत गेला तो शब्द, तिकडे जाऊ नका. आधी नवऱ्याचा पाय पुरला, मग नवरा पुरला. आता माझ्यात त्राण नाही.
काळजी म्हणजे प्रेमच. आता तर जायलाच हवं.

७ मार्च
विश्रांती. (नख.)

८ मार्च, शनिवार
पडल्या पडल्या लिहितोय. अक्षर वाईट. थंडीनं.

शास्त्राप्रमाणे आधी नमस्कार, म्हणून मी उजवा पाय पुढे करून थांबलो. एन्टविसल थांबला नाही. क्लॉगला नवे लोखंडी नाल ठोकून आला होता मेला. नडगी शेंगेसारखी उकलली. आत हाड दिसलं, पांढरं. त्याला समजलं नसेल म्हणून डावा पाय पुढे करून पुन्हा नमस्कार. तोही गेला, आवाज झाला. मग मी त्याचा कान चावला. तुकडा तोंडात आला. खाणीतला जोनस ओरडून विचारत होता, मास्तर, हे लॅटिन की डच? गाव हसत होतं. रक्तानं गवत निसरडं झालं म्हणून मी पडलो आणि 'पुरे' म्हणालो. गलका थांबावा म्हणून म्हणालो. ही हार धरता येत नाही.

उद्या होकार. दाढी करायला हवी.

९ मार्च, रविवार
चर्चला जाता आलं नाही. टॅबिथाबाईच आल्या. नवी निळी शाल पांघरून. बसा म्हणालो, बसल्या नाहीत. पायांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. म्हणाल्या, आज हो म्हणणार होते, मास्तर. तुमच्या शब्दाबिब्दांसकट पत्करायचं ठरवलं होतं. पण पुन्हा कुणाच्या नडगीतला पू काढत बसणं माझ्यानं व्हायचं नाही.
मी म्हणालो, पण मुद्दा माझाच बरोबर होता.
असेल, म्हणाल्या. दार हळू ओढून घेतलं.

दुपारभर रडलो. मोठ्यानं. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, मास्तर, उशी घ्या पायाखाली, ठणका कमी होईल.