हरकत असल्यास उभे राहावे

३० नोव्हेंबर, रविवार

वाचलं एकदाचं! चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझं नाव इतक्या मोठ्यानं वाचलं की खिडकीतली चिमणी उडाली. "सेलू येथील राजेश्रीबाई आणि बोरी येथील माणिकराव यांचा विवाह योजिला आहे. कुणाची हरकत असल्यास उभे राहून सांगावे." अठ्ठावन्नाव्या वर्षी! आमची मंडळी चाळीसेक माणसांची, त्यातल्या निम्म्यांना मी इंजेक्शनं दिलेली. एकजणही उभा राहिला नाही. भीतीपोटी असेल.

माणिकराव पेटीवर बसले होते. नाव वाचल्यावरचं गीत त्यांनी इतकं संथ वाजवलं की म्हणणाऱ्यांचा श्वास पुरेना. नेहमीचंच आहे. बोरीच्या शाळेत जन्मभर मास्तरकी केली, पण घाई हा विषय त्यांना कुणी शिकवला नाही.

आजपासून आगमनकाळ. नाताळपर्यंत चार रविवार, चार मेणबत्त्या. पहिली आज लागली — आशेची. या दिवसांत आमच्यात लग्न लावत नाहीत, नाव मात्र तीन रविवार वाचून घेतात. म्हणून लग्न सत्तावीस डिसेंबरला. तोवर तयारी करायची आणि वाट बघायची. वाट बघणं मला कधीच जमलं नाही. सगळी नोकरी प्रसूतीच्या वॉर्डात गेली, तिथंही बाळंतिणीपेक्षा मलाच घाई.

१ डिसेंबर

सकाळी भिंतीवर चहा. हा आमचा नेम — बसम्माची लिंगपूजा आटोपली की ती आमच्या दोघींच्या अंगणांमधल्या भिंतीवर दोन कप ठेवते, एक तिचा, एक माझा. मी इथं राहायला आले त्या वर्षापासून. आमचे हे गेले त्या सकाळीही तिनं ठेवले होते. तिचे मन्मथअप्पा गेले तेव्हा मी ठेवले.

"नाव वाचलंय, तर लगीन लगेच का न्हाई?"

आगमनकाळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

"म्हंजे तुमचा धोंड्याचा महिना."

तसंच काहीसं, म्हटलं.

"मग अनारसे कुणाला? जावई तर न्हाई."

नवऱ्याला देईन म्हटलं, तर म्हणते, "त्येच्या मिशीचा काळा रंग अनारशाला लागंल बघ." चहा नाकात गेला.

४ डिसेंबर

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा करायचा, छपराला तुराट्या हव्यात. दरवर्षी बसम्माच्या गोठ्यातून आणते. गोठा नावाला. गव्हाणीत जुना कूलर, फुटक्या बादल्या, मोडकी सायकल. अप्पा गेल्यावर गाय विकली तेव्हा म्हणाली होती, "ह्या गव्हाणीत आता जनावर तोंड घालणार न्हाई." अप्पा रोज संध्याकाळी त्या गाईशी गप्पा मारायचे. बायकोशी कमी, असं बसम्माच म्हणते. तेव्हापासून ती आत जात नाही, तुराट्या मलाच काढून न्यायला सांगते. दारात उभी राहून सूचना मात्र भरपूर!

७ डिसेंबर, रविवार

दुसरी मेणबत्ती, शांतीची. दुसऱ्यांदा नाव वाचलं. शांतता. माणिकरावांनी पिशवीभर पेरू आणले, निम्मे कच्चे. "पिकतील," म्हणाले. ह्यांचं सगळं पिकतीलवर चालतं.

९ डिसेंबर

बोरीला जाऊन आले, घर बघायला. दोन खोल्या, ओसरी, मागं तूर उभी. स्वयंपाकघरात खिळ्यांवर भांडी ओळीनं टांगलेली. पहिल्या बायकोनं, केशरबाईंनी, लावली तशीच. त्यातले शेवटचे दोन खिळे रिकामे केलेले. "तुमच्या भांड्यांसाठी," म्हणाले, आणि लगेच दुसरीकडं बघायला लागले. मी उगीच खिळे हलवून बघितले, पक्के आहेत का म्हणून.

मग चंद्रीची ओळख करून दिली. चंद्री म्हणजे म्हैस. रीतसर ओळख! "चंद्री, ह्या राजेश्रीबाई." तिनं माझ्याकडं बघून शेपटी हलवली ती थेट माझ्या चष्म्यावर. तिची आई व्यातानाच गेली, केशरबाईंनी बोटानं दूध पाजून हिला वाढवली. आता ती फक्त माणिकरावांच्या हाताला पान्हा सोडते, आणि तोही ते गीत म्हणत असले तरच. गीत संथ हवं. जरा लय वाढली की लाथ.

सगळा उलगडा झाला! म्हणजे इतकी वर्षं आमची मंडळी म्हशीच्या तालावर देवाची स्तुती करते आहे.

११ डिसेंबर

बांधाबांध चालू. पुण्याहून मुलाचा फोन. "आई, तू कर लग्न, मला आनंदच आहे. पण त्यांची शुगर आधी तपासून घे." तपासली आहे. एकशे दहा, उपाशीपोटी. मी काय आजची सिस्टर आहे?

बसम्मा भिंतीपलीकडून माझी गाठोडी मोजते आणि बोरीला नावं ठेवते. "तिथलं पाणी खारं हाय." "तिथं रेल्वे न्हाई." "तिथं एवढी थंडी पडती, म्हशी बी स्वेटर घालतेत." मी हसते. ती हसत नाही. दोन दिवस झाले, चहात साखर जास्त पडायली. तिला सांगितलं तर म्हणाली, "पुढं कोण देणाराय, पिऊन घे."

१३ डिसेंबर

बसम्माला म्हटलं, उद्या शेवटचं नाव वाचणार, ऐकायला ये. "साडी कोणती नेसू?" एवढंच विचारलं.

१४ डिसेंबर, रविवार

दोन ओळी लिहून खोडल्या. रागानं.

बसम्मा आली, मोरपंखी इरकल नेसून, कपाळभर विभूती, थेट पहिल्या बाकावर. तिसरी मेणबत्ती लागली, आनंदाची. गीत झालं. पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा नाव वाचलं आणि नेहमीप्रमाणे पुढच्या ओळीला वळणार, तर बसम्मा उभी!

"माझी हाय हरकत."

पाळकसाहेब तरुण आहेत, ही त्यांची पहिलीच मंडळी. हरकत आली तर पुढं काय म्हणायचं, हे कुणी त्यांना शिकवलेलं नसावं. "कशाबद्दल?" एवढंच निघालं तोंडातून.

"माणूस चांगला हाय. मिशीला काळं लावतो, त्येचं काय न्हाई. पण ही बोरीला गेली तर सकाळचा दुसरा कप मी कुणापुढं ठिऊ? तेवढं सांगा, अन् लावा लगीन खुशाल."

आणि बसली. माणिकरावांचा हात पेटीच्या पट्टीवर तसाच, एकच सूर लांबत राहिला. पाळकसाहेब म्हणाले, हरकतीचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागेल, पुढच्या रविवारी पाहू.

बाहेर आल्यावर मी बोलले, नको ते बोलले. माझी शोभा केलीस, लोकांपुढं नाव घालवलंस. ती खरंच गोंधळली होती. "अगं, तुमीच इचारलाव की! कुणाची हरकत हाय का म्हणून. मला वाटलं, सांगावं लागतंय." मी रिक्षात बसले, तिला न घेता.

१५ डिसेंबर

भिंतीवर कप नाहीत. मी बघितलंही नाही. म्हणजे खिडकीतून बघितलं.

१७ डिसेंबर

पाळकसाहेब येऊन गेले. चर्चच्या मोठ्या साहेबांना विचारलं म्हणे. एखाद्याचा आधीचा जोडीदार हयात असेल, नात्यात असेल, वय कमी असेल, तर हरकत धरतात. "चहाची हरकत कुठंच बसत नाही." वय कमी असेल यावर आम्ही दोघंही थोडं हसलो. येत्या रविवारी एकदा परत वाचतील, मग मोकळं.

संध्याकाळी माणिकरावांचा फोन. मला वाटलं चिडले असतील. "मला राग नाही आला, राजेश्रीबाई. त्यांनी विचारलं ते बरोबरच आहे. उत्तर मला देता आलं नाही, म्हणून गप्प बसलो." मागं चंद्री ओरडत होती.

१८ डिसेंबर

नाताळच्या करंज्या केल्या. पहिलं ताट बसम्माचं असतं. ताट घेऊन भिंतीपर्यंत गेले. पलीकडं ती तूर निवडत बसलेली, मान वर केली नाही. ताट परत आणलं. चार करंज्या रागारागानं मीच खाल्ल्या. आता छातीत जळजळ. सिस्टर असून!

२० डिसेंबर

खरं काय ते इथं तरी लिहावं. मला बसम्माचा राग आलाच नव्हता. माझ्या पोटातलं तिनं चारचौघांत मोठ्यानं म्हटलं, त्याची लाज वाटली. बोरीचं घर बघून आल्यापासून मला नीट झोप नाही. दोन रिकामे खिळे आठवतात आणि आनंद होतो, आणि लगेच ही भिंत आठवते. मला माणिकराव हवेत. संथ गीतं, कच्चे पेरू, काळी मिशी, सगळ्यासकट हवेत. पण सकाळी उठून बसम्माचा आवाज आला नाही तर मी त्या घरात पाहुणीच राहीन. हे दोन्ही खरं आहे. आणि दोन्ही एकाच वेळी हवं म्हणणारी बाई हावरट असते, असं माझी आई म्हणायची.

असेन हावरट.

२१ डिसेंबर, रविवार

चौथी मेणबत्ती, प्रीतीची. बसम्मा आली नाही. पाळकसाहेबांनी नाव वाचलं, हरकतीचं विचारलं आणि सगळ्या मंडळीनं मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात कुणी नाही.

तेव्हा मी उभी राहिले.

"आहे, पाळकसाहेब. माझीच आहे. लग्नाला नाही. जाण्याला."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. गरीब माणूस! एका आगमनकाळात दोन हरकती.

नंतर लिंबाखाली माणिकराव आणि मी. म्हणाले, "मी सेलूला आलो असतो. तूर भावानं पाहिली असती. पण चंद्री?" विकता येणार नाही, हे मलाही कळत होतं, तरी विचारलं. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "केशरनं बोटानं वाढवलीय." माझ्या अंगणात स्कूटी नीट उभी राहत नाही, म्हैस कुठं बांधू? दोघांचंही खरं. मग मी म्हटलं, राहू द्या. "राहू द्या म्हणजे?" ते मलाही माहीत नव्हतं. त्यांनी पिशवीतून पेरू काढून दिला. पिकलेला. आणि बोरीची एसटी पकडली.

मला रडू आलं. रस्त्यात, सगळ्यांदेखत.

२२ डिसेंबर

सकाळी मीच भिंतीवर दोन कप ठेवले. बसम्मा आली. एक घोट घेतला.

"साखर कमी हाय."

काल काय झालं ते सगळं सांगितलं. मी उभी राहिले, माणिकराव येतो म्हणाले, म्हैस आडवी आली. ऐकताना ती मधे एकदाही बोलली नाही. बसम्मा! एकदाही! शेवटी एवढंच विचारलं, "किती याताची हाय?" म्हशीचं. चौथ्या वेताची, म्हटलं. "हं," म्हणाली, आणि दोन्ही कप उचलून आत गेली. माझा अर्धा भरलेला होता.

२३ डिसेंबर

बोरीहून फोन नाही. केला तर सारखा बिझी लागतो. गाठोडी तशीच बांधलेली आहेत. सोडावीत का ठेवावीत?

२४ डिसेंबर

भिंतीवर दोन कप होते, बसम्मा नव्हती. पलीकडून खराट्याचा आवाज. डोकावून पाहिलं, तर कूलर अंगणात, बादल्या अंगणात, सायकल अंगणात, आणि बसम्मा पदर खोचून गोठ्यातली गव्हाण धुवायलेली. डोळे लाल. धुळीनं, म्हणाली. काल दिवसभर बोरीला फोनवर तीच बोलत होती.

"बघत काय उभारलीस? दुपारच्याला टेम्पो यायलाय. नवरदेव धारंपुरता येऊन जाईल, राह्यला लग्नानंतरच, पर म्हशीला तुमचा नेम लागत न्हाई. मी पाळकाला इचारलंय."

मी पलीकडं जाऊन दुसरा खराटा घेतला.