पाहुणीच्या आवडीनिवडी

सोमवार, ४ तारीख

बक्षीस लागलं जावयाला आणि धाडलं कोणाला, तर मला! मोठ्या हॉटेलात सात दिवस, एका माणसापुरतं. लेक म्हणाली, आई, तूच जा, जरा आराम कर. आराम कोणाला हवा होता ते मला कळत नाही होय? माझ्या तोंडाचा पट्टा सात दिवस बंद म्हणजे घराला सुट्टी. जावई एरवी पाण्याचा पेला उचलत नाही, माझी बॅग उचलायला मात्र वाऱ्यासारखा धावला. मोबाइल नातीनं खेळायला ठेवून घेतला. तिची अर्धी कोरी वही मी उचलून आणली, फिटंफाट.

पण खोटं का बोलू, खोली बघितली आणि राग विरघळला. बारावा मजला. पलंग एवढा की आमचं अख्खं घर त्यावर आडवं होईल. न्हाणीघरात सहा टॉवेल. एका अंगाला सहा! नळ कुठून उघडायचा ते कळेना, दहा मिनिटं त्याला शिव्या घातल्या.

मग काउंटरवरची मुलगी वर आली. सगळे दात दाखवते, म्हणून मी तिचं नाव ठेवलं हसरी. हातात कार्ड. म्हणाली, आमच्याकडे पाहुण्यांच्या आवडीनिवडी लिहून घ्यायची पद्धत आहे. चहा कसा, उशी किती उंच. मी म्हटलं, चहा कडक, साखर नावाला, वर साय दिसली तर मोरीत ओतीन. पंधरा वर्षं लेकीकडे राहतेय, एवढं कोणी विचारलं नाही.

मंगळवार, ५

चहा अगदी तस्साच आला. बसून हळूहळू प्याले.

हसरी परत आली. कार्डावर अजून जागा आहे म्हणाली. कोणत्या कुशीवर झोपता, राग आला की काय करता. म्हटलं, भांडी आपटते. तेही लिहून घेतलं. हॉटेलला माझ्या भांड्यांशी काय करायचंय? पण समोर कोणी ऐकतंय म्हटल्यावर माझी गाडी थांबते होय? लेकीला ढमे म्हणते ते सांगितलं. नवरा गेला त्या दिवशी मी रडले नाही, बादलीभर कपडे धुतले, तेही सांगितलं. ते लेकीलासुद्धा ठाऊक नाही. दोन तास बोलले. घसा बसला, पण बरं वाटलं.

बुधवार, ६

लेकीचा फोन नाही. खोलीतल्या फोनवरून मी लावला तर नुसती घंटा वाजते.

जेवायच्या हॉलात चाळीस टेबलं आणि माणूस मी एकटी. वाढपी भिंतीला पाठ लावून उभे. बाकीचे पाहुणे कुठे विचारलं, तर म्हणे घरी गेले. मग माझ्या शेजारच्या खोलीत खोकतं कोण? येताना दाराशी थांबले. आत एक म्हातारा विचारत होता, माझ्या घरून फोन आला का? परत तेच. परत तेच. दार वाजवलं तर गप्प झाला.

हसरीनं आज तीनच प्रश्न विचारले. कार्ड भरलं म्हणाली. जाताना म्हणते, खोटं का बोलू, तुमच्यासारखं घर मला नाही. शब्द माझे. हेलही माझा.

गुरुवार, ७

दुपारी फोन लागला. मी म्हटलं, ढमे, मेलीस का गं तिकडे? तिनं विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, तुझी आई, दुसरं कोण! ती म्हणाली, आई सकाळीच घरी आली, स्वयंपाकघरात आहे. हात जोडते, असली थट्टा करू नका.

तिकडे मागे भांडं आपटलं. आणि आवाज आला, कोण आहे गं ढमे?

माझाच आवाज. फक्त गोड.

शुक्रवार, ८

लिफ्टनं खाली गेले. दार उघडलं — बारावा मजला. जिन्यानं उतरले, वीस मजले मोजले. तरी बारावाच.

काउंटरला फोन लावून तिथल्या माणसाला हसरी कुठे विचारलं. म्हणाला, तिनं काल काम सोडलं. तिला घर मिळालं.

शनिवार, ९

चहाची वेळ झाली. कसा पिते मी? साखर —

वाढप्यानं विचारलं, बाई, कसा आणू? सांगता येईना.

लेकीनं फोन उचलला. हळू बोलत होती. म्हणाली, आज आईनं मला जवळ घेतलं. जन्मात पहिल्यांदा. तुम्ही कोणीही असा, परत फोन करू नका. आणि ठेवायच्या आधी रडली.

तिला कळलंय. पोटची आहे, मला कळत नाही होय —

रविवार

सात दिवस झाले. न्यायला कोणी नाही.

धुलाईवाला कपड्यांची गाडी घेऊन येतो, फक्त त्यालाच खाली जाता येतं. लेकी, हे पान तुझ्यासाठी त्याच्या गाठोड्यात घालतेय. वर घराचा पत्ता लिहिलाय, तो अजून येतो मला. तुला मारायची हाक आठवत नाही. काय म्हणायचे मी तुला —

ऐक. ती गोड आहे. मी नव्हते. मान्य. पण एक गोष्ट मी त्या कार्डावर लिहू दिली नाही. तू जन्मलीस त्या दिवसाची. तिला विचार. नाही सांगता येणार तिला. मला अजून येते.

आज नवं कार्ड येणार म्हणतात, मागचं तीन दिवसांत भरलं होतं; मंगळवारपर्यंत उत्तर दे. ती का मी, एवढंच. एका शब्दात दे, पण मंगळवारपर्यंत. दार वाजतंय. नवीन मुलगी आहे, हातात कोरं कार्ड — मंगळवार, ऐकलंस? नंतर मला ती गोष्टही —