योगेंद्रचं जेसन

६ नोव्हेंबर
तुळशीचं लग्न लागलं. योगेंद्रचं नाही. ठरवलं: होळीच्या आत नातसून उधन्याच्या ह्या घरात. भाकरी ती थापेल, मी खाटेवर बसून चुका सांगेन. गायत्री म्हणते, आजी, तू चुका सांगतेस म्हणून तर कुणी येत नाही. भाऊ चौतिशीला लागला आणि बहिणीची जीभ बघा. कुणावर गेली कोण जाणे.
दुसरा ठराव. आजपासून कमी बोलायचं. पोटात राहत नाही ते इथं लिहायचं. चौथी काय उगाच शिकले?

७ नोव्हेंबर, दुपार
गायत्री रिंग रोडच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. समाजाच्या मंडळानं तिच्याकडून स्थळांचं ॲप करून घेतलंय. स्थळं तपासायचं काम माझ्याकडे, म्हणून पासवर्डही माझ्याकडे. दुसऱ्या कुणाला एवढी घरं माहीत आहेत?
तिनं समजावलं. माणसाची माहिती कॉम्प्युटरात असते एका रूपात, फोनवर धाडायची तर साध्या मजकुरात उतरवायची. त्याला जेसन म्हणतात. उतरवायचं काम एक लायब्ररी, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम, आपोआप करते. काही वगळायचं, काही वेगळं दाखवायचं, तर आपण तिला नियम द्यायचा.
एवढंच? आयुष्यभर लग्नं जुळवताना मी दुसरं काय केलं? बुटका असला तर बेताची उंची. भांडखोर असला तर स्पष्ट बोलणारा. ही लायब्ररी माझ्याकडून शिकली असती तर लवकर शहाणी झाली असती.

८ नोव्हेंबर
गायत्रीला माझे नियम सांगितले. योगेंद्रचं वय उतरताना तिशीच्या आत उतरावं. लूमचा मास्तर आहे, त्याचं टेक्सटाइल इंजिनिअर व्हावं. टक्कल वगळावं.
म्हणाली, तारीख कशी दिसावी ते बदलता येतं, जन्म नाही बदलता येत. मग उपयोग काय त्या लायब्ररीचा?
तिनं फक्त पगार आणि फोन नंबर वगळले. वर मलाच बजावलं: जे वगळ म्हणून सांगितलं तेवढंच आत राहतं, बाकी सगळं बाहेर जातं. नवीन खाना, म्हणजे माहितीचा रकाना, करशील तर आधी मला विचार. हो म्हटलं. वाद घालत नाही मी हल्ली.

१२ नोव्हेंबर
अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं की नवीन खाना होतो. केला. नाव दिलं ‘आजीचा शेरा’. गायत्रीला विचारणार होते, पण ती जेवत होती. जेवत्या माणसाला त्रास देऊ नये. शिवाय शेरा माझ्या फोनवर दिसतो, म्हणजे माझ्यापुरताच आहे. साधा हिशोब.
मन मोकळं करून लिहिलं. कडोदऱ्याची सोनाली: पोरगी हुशार, मान ताठ. आई उषाबाई फार गोड बोलते, म्हणजे पक्की. बाप काशिनाथ बोलतो कमी, खातो जास्त. योगेंद्र: टक्कल, घोरतो, पण पिऊन येत नाही, पगार घरात देतो. नातसून आली की मी भाकरीला हात लावायची नाही. महिनाभर गोड बोलायचं, मग लाईनीवर आणायची.
वाचून बघितलं. एक शब्द खोटा नाही.

१७ नोव्हेंबर
गायत्रीला कळेना, लोक ॲपवर एवढा वेळ काय वाचतात. मला कळलं. तपासणी माझी आहे ना.
शेजारची प्रमिलाबाई दोन दिवस बोलत नाही. तिच्या पोराच्या शेऱ्यात ‘आईच्या पदराला बांधलेला’ लिहिलंय, पण ते तिला कुठून दिसणार? दाढ दुखत असेल.
कडोदऱ्याहून उषाबाईचा फोन. रविवारी येतो म्हणाली. बोलताना सारखी हसत होती. हसरं घराणं आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली. शेवटच्या भाकरी म्हणून मन लावून थापल्या. काशिनाथनं पहिल्या वाढीनंतर ताटावर हात आडवा धरला. बायको म्हणाली, घ्या ना, आजींना माहीत आहे. मला काही उलगडेना.
मग सोनालीनं अगदी मऊ आवाजात विचारलं, आजी, महिना म्हणजे पूर्ण तीस दिवस गोड बोलणार का?
कसला महिना, म्हटलं. तिनं फोन पुढं केला. माझाच शेरा. अक्षर न अक्षर.
गायत्रीनं कपाळावर हात मारला. नवीन खाना केलास? मला न विचारता? अख्ख्या समाजाला गेलं हे! मी म्हटलं, तू जेवत होतीस.
सगळ्यात आधी योगेंद्र हसला. मग काशिनाथ हसला आणि त्यानं भरीत मागितलं. उषाबाई म्हणाली, बठ्ठं खरं से, एकूण एक खरं.
सोनाली म्हणाली, बाकीची स्थळं सगळी एकसारखी, निर्व्यसनी आणि मनमिळाऊ. ह्या एकाचं काय ते नीट कळलं. मला पसंत आहे.
म्हटलं ना, माझी पद्धतच बरोबर.
पुढे म्हणाली, योगेंद्र रोज लूमवर कडोदऱ्यालाच येतात, तर आम्ही तिकडेच खोली बघू. योगेंद्रनं लगेच मान हलवली. एवढी चपळाई कारखान्यात दाखवली असती तर शेठ झाला असता.

२४ नोव्हेंबर
लग्न माघात. गायत्रीनं पासवर्ड बदलला. म्हणते, सोनालीनंही नियम दिला, आजी: स्थळ घेतलं, आजीचा खाना तेवढा वगळला. माझा तर कमी बोलायचा ठराव आहे.
होळीच्या आत नातसून म्हटलं होतं, ती मिळाली. भाकरीचं काम कमी व्हावं म्हटलं होतं, तेही होईल. योगेंद्र एकटाच चार खातो, त्या आता तिकडे.
आज सगळ्या मीच थापल्या.