रिम आतून तेवीस

मामा, आज दुकान बंद आहे. घरात कुणी आजारी नाही, कुणाचं लग्नकार्य नाही, तरी मी शटर अर्धंच वर करून आत बसले आहे आणि टायरच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर हे लिहिते आहे. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्यात काही रीत नाही, त्यात तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. पण तुम्ही होतात तेव्हाही आपण कधी समोरासमोर बसून धड चार वाक्यं बोललो नाही. जे काय बोललो ते मधे चाक धरून, चाकाकडे बघून. तर आताही तसंच समजा. माझ्या चुकीनं एक बाई सायकलवरून पडली, मामा. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आणि हे मी आठ दिवस तिला सांगितलं नाही.

मी साताऱ्याकडून लग्न होऊन तळवलीत आले तेव्हा तुम्ही पावणे गावी कामाला होतात तो कारखाना नुकताच बंद पडला होता. उभा जन्म लेथवर घालवलेला माणूस, घरात बसवेना. पुढच्या खोलीत तुम्ही सायकलचं दुकान टाकलंत. तुमच्या मुलाला ग्रीसचा वास आला की डोकं दुखायचं, तो ऐरोलीला ऑफिसात चिकटला आणि सुटला. सासूबाई आधीच गेलेल्या. राहिलं कोण, तर मी. "पोरी, जरा हे चाक धर गं," इथून सुरुवात झाली. मी आपली पिठाच्या हातानं यायची, चाक धरायची, परत तव्याकडे पळायची. भाकरी करपली की तुम्ही काही बोलत नव्हतात. एकदा मात्र जेवता जेवता उठलात, खिशातून तो तुमचा कारखान्यातला व्हर्नियर, मिलिमीटरभरही फरक दाखवणारं ते पोलादी माप, काढलात आणि माझ्या भाकरीला लावलात. मी बघतच राहिले. "कडंला साडेतीन, मधी पाच. पोरी, भाकरीला आऊट हाय." इतकं हसू आलं मला, आणि इतका रागही. माहेरी माझ्या भाकरीचं नाव होतं हो! पण त्या दिवशी ताटाशी बसून तुम्ही मला व्हर्नियर वाचायला शिकवलंत, आधी भाकरी, मग ताटाची कड, मग माझी बांगडी. मला वाटलं म्हाताऱ्याला काही काम नाही.

मग त्या बारीक टायरच्या सायकली यायला लागल्या. ऐरोलीतली कंपनीतली मुलं पहाटे उठून चालवायची, पंक्चर झालं की आपल्याकडे यायची. तुमचा जन्म कामगारांच्या काळ्या दणकट सायकली बघण्यात गेलेला, पण तुम्ही आठवडाभर एक चाक मांडीवर घेऊन बसलात आणि मला सांगितलंत, हे लई नाजूक गणित हाय. टायरवर नंबर छापलेला असतो, रिमवरही असतो, दोन्ही बघायचे, पण विश्वास ठेवायचा नाही. टायर काढायचा आणि रिम आतून मोजायची, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तीन ठिकाणी. टायर त्यापेक्षा रुंद हवा, पण किती रुंद ते माप ठरवतं. अरुंद रिमवर जाडा टायर म्हणजे छोट्या पाटावर बसलेला जाडा माणूस, वळला की डुलणार. आणि रुंद रिमवर अरुंद टायर म्हणजे आखूड पांघरूण, ताणून ताणून बसतं आणि एका बाजूनं कधी सुटेल सांगता येत नाही. मापं घेऊन तुम्ही मागच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहायचात, गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढं त्याच्या रिमचं आतलं माप. अजून आहे ती भिंत. घराला दोनदा रंग दिला, तेवढी भिंत मी सोडायला लावली.

तुमची ती बोलणी मी विसरले नाही बरं का. एका साहेबाच्या सायकलला मी त्याच्या हट्टावरून जाडा टायर चढवला होता, दुकानात तीन माणसं उभी, आणि तुम्ही आतून चहाचा कप घेऊन आलात. "मोजलंस?" मी म्हटलं, मोजलं. "कुठनं?" मी म्हटलं, बाहेरनं. तुम्ही कप खाली ठेवलात, वाकलात आणि टायरची सगळी हवा सोडून दिलीत. "टायर आत बसतो का बाहेर? घरची भाकरी करपली तर मी खातो, न्हाई म्हणत न्हाई. हे कोन खानार? लोकांची हाडं तुझ्या हातात हायेत, पोरी." तीन परक्या माणसांसमोर! मला धरणी दुभंगावी असं झालं. संध्याकाळी मी आमटीत मुद्दाम मीठ जास्त टाकलं. हे तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्ही ती मुकाट्यानं जेवलात, वर वाटी पुढं करून आणखी मागून घेतलीत. त्या दिवाळीला शेजारणींना साड्या आल्या आणि मला जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला तुमचा व्हर्नियर. मी तोंड वाकडं केलं होतं. आता दुकानात त्याला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

तर ही बाई. ऐरोलीत राहते, कंपनीत कामाला, पस्तिशीची असेल. मुलगी झाल्यावर दोन वर्षं घराबाहेर पडली नव्हती म्हणे, मग सायकल धरली. गेली तीन वर्षं माझ्याकडेच येते, मला काकू म्हणते. लोणावळ्यापर्यंत जायचं म्हणून ग्रुपबरोबर तयारी करत होती. नवऱ्यानं वाढदिवसाला नवीन चाकं घेऊन दिली, काळी कुळकुळीत, चांगली महागाची. ती सायकल घेऊन आली शनिवारी, ऐन गर्दीत. म्हणाली, "काकू, माझे जुने टायर अजून नवेच आहेत, तेच या चाकांवर टाकून द्या ना. तुम्ही तर डोळे झाकून बसवाल." झालं, मी फुगले. मागं वळून भिंतीकडे बघितलं. तिच्या नावापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आतून पंधरा. पंधराच्या रिमला तेवीसचा टायर अगदी चपखल. ते माप जुन्या चाकांचं होतं, मामा. चाकं नवीन आहेत हे दिसत होतं मला, मी आंधळी नाही. व्हर्नियर माझ्या ॲप्रनच्या खिशात होता. तरी मी भिंत वाचली आणि टायर चढवले. हवा भरल्यावर कडेवरून बोट फिरवलं तेव्हा टायर सपाट वाटला, रिमची कड बोटाला लागली. एक क्षण हात थांबला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "काकू, माझं बघता का?" आणि मी पुढच्या सायकलकडे गेले.

रविवारी सकाळी पामबीच रोडला वळणावर पुढचा टायर एका बाजूनं रिममधून सुटला आणि ती पडली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा ते चाक घेऊन आला. चाकाला काही झालंय का बघा, म्हणाला, म्हणजे विकताना सांगायला बरं. मी विचारलं, विकताय? "विकायलाच सांगते ती. म्हणते, मला वळणच घेता येत नाही, माझीच चूक, उगाच या वयात थेरं. मीपण म्हटलं, जाऊ दे, नको ते टेन्शन." चाक ठेवून तो गेल्यावर मी रिम मोजली. तीन ठिकाणी. आतून तेवीस. टायरही तेवीसचा. परक्या माणसाला वाटेल, मग जमलं की. पण ते आखूड पांघरूण होतं, मामा. निदान अठ्ठावीसचा हवा होता त्यावर.

रात्री तुमच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "सोड ना, कुठे तोंड उघडतेस? रस्त्यात खड्डे काय कमी आहेत? चार लोकांना कळलं तर दुकानात कुत्रं येणार नाही." मी म्हटलं, खरंय. आणि गप्प बसले. आठ दिवस मी गिऱ्हाइकांना हसून बोलतेय, पंक्चर काढतेय, भाकऱ्या थापतेय, आणि तिकडं ती बाई स्वतःला नालायक समजून बसली आहे. मला माहीत होतं. रोज सकाळी उठले की पहिलं तेच आठवायचं, आणि रोज मी म्हणायची, आज नको, उद्या बघू.

काल गेले. रिक्षात ते चाक मांडीवर घेऊन. तिनंच दार उघडलं, हात गळ्यात अडकवलेला, केस कुणीतरी दुसऱ्यानं विंचरून दिलेले. मी चहा नको म्हटलं आणि उभ्या उभ्या व्हर्नियर रिमला लावून तिला आकडा दाखवला. भिंतीचं सांगितलं, बोटाला कड लागली होती तेही सांगितलं. तिनं मोकळ्या हातानं चाक उजेडाकडे वळवून आकडा वाचला. मग विचारते काय, "म्हणजे काकू, वळण मी बरोबर घेतलं होतं?" मी म्हटलं, बरोबर घेतलं होतंस बाई. "आणि स्पीड?" स्पीडचा काही संबंध नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं सुटले. पण तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "तुम्हाला हे कधी कळलं?" ज्या दिवशी चाक आलं त्या दिवशी. "आठ दिवस?" मामा, तुम्ही तिघांसमोर बोललात तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढे ते दोन शब्द लागले. "आठ दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलेय की मला झेपत नाही. परवा माझ्या मुलीनं तिची छोटी सायकल मागितली, तर तिला म्हटलं, नको, आपल्याला नाही जमत ते. पाच वर्षांची आहे ती, काकू." खाली मान घालून उभी राहिले, बोलू दिलं तिला. मग ती शांत झाली. सायकल विकत नाही म्हणाली. चाकं मात्र दुसरीकडं दाखवेन, राग मानू नका, असंही म्हणाली. राग कसला मानणार?

दाराशी आल्यावर ती म्हणाली, "तरी तुम्ही आलात. दुसरं कुणी आलं नसतं." आणि मी काय बोलले माहीत आहे? म्हटलं, "आमच्या मामांनी असंच शिकवलंय." तिनं मान डोलवली. आत बसलेला तिचा नवरा म्हणाला, जुनी माणसं वेगळीच. मी ते ऐकून घेतलं आणि जिना उतरले.

हे खोकं कुणाला दाखवायचं नाही, म्हणून इथंच खरं लिहिते. काल सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला होता. सायकलला गिऱ्हाईक मिळालंय, ते म्हणतंय, तळवलीच्या काकूंनी चाकं मोजून बरी आहेत म्हटलं तरच घेतो, तर उद्या त्याला दुकानात घेऊन येतो. उद्या म्हणजे आज. परका माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणाला असता, मोजा, आणि आकडा सगळ्यांना दिसला असता. म्हणून गेले मी, मामा. तुमचं नाव मी फुकट घेतलं. तो फोन आला नसता तर मी गेले असते का, हे मला अजूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.