त्रेचाळीस सह्यांचा अर्ज

मी, लिओटा ब्रँडवोल्ड, वय एकोणऐंशी, राहणार एल्म फोर्क, नेब्रास्का, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, शुद्धीवर असताना व कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके जागेवर आहे.

१. राहते घर विकून येईल ती रक्कम गावच्या वाचनालयाला द्यावी. स्वयंपाकघरात खुर्च्या चार आहेत. झिजलेली एकच आहे.

२. सव्वीस वर्षे मी अमेरिकेचा इतिहास व राज्यकारभार पाठ्यपुस्तकाशिवाय शिकवला. जुनी पत्रे, खानेसुमारीची पाने, निवाडे, सैनिकांचे अर्ज यांच्या नकला अकरा खोक्यांत आहेत. त्या शाळेला द्याव्यात. काचेच्या कपाटात ठेवणार असाल, तर देऊ नयेत. मुलांचे हात लागले पाहिजेत.

३. १९२३ सालचा, त्रेचाळीस गावकऱ्यांच्या सह्यांचा मूळ अर्ज वेगळा ठेवला आहे. टॉलिव्हर नावाच्या कृष्णवर्णीय न्हाव्याला कुटुंबासह गावातून घालवावे, अशी त्यात मागणी आहे. त्यांना घालवले. हा कागद मला आजोबांच्या पेटीत सापडला आणि १९९४ साली मी तो वर्गात वाचायला दिला. वाचणारी मुलगी एकतिसाव्या सहीवर अडली.

"बाई, हे तर तुमचंच आडनाव."

"माझे आजोबा. पुढं वाच."

पुढच्या वर्षी शाळेने तो विषय माझ्याकडून काढून घेतला. समोरच्या घरात राहणारा माझा धाकटा भाऊ ऑरिन अर्ज वर्गात वाचला त्याच संध्याकाळी दारात आला होता. "मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस?" म्हणाला. मी म्हटले, "उकरत नाही, वाचतेय." त्यानंतर एकतीस वर्षे तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या बायकोच्या अंत्यविधीला मी शेवटच्या बाकावर बसले होते.

हा अर्ज टॉलिव्हर यांची नात ओडेसा, राहणार ओमाहा, हिला द्यावा. तिने मला लिहिले आहे, "तो कागद मला घरात नको, पण तुमच्या गावातही राहायला नको." तिने तो जाळला तरी माझी हरकत नाही. असे मी दुसऱ्या कोणत्याही कागदाबद्दल म्हटले नसते.

४. ऑरिनला काहीही ठेवलेले नाही. कारण लिहिते. साक्षीदार दोन लागतात. टपाल वाटणारी नोरीन तयार झाली. दुसरे नाव दोन दिवस आठवून पाहिले, सापडले नाही. काल रस्ता ओलांडून त्याचे दार वाजवले.

"सही हवीय," मी म्हटले.

त्याने माझ्या काठीकडे पाहिले. "मला काय ठेवलंयस?"

"काही नाही. ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार होऊ नये."

"मग येतो," तो म्हणाला. "पण आधी सगळं वाचणार."

"वाच. मी बसते."

लिहून देणार: लिओटा ब्रँडवोल्ड

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. नोरीन हॅगस्ट्रॉम
२. ऑरिन ब्रँडवोल्ड, भाऊ. सगळे वाचले.

एल्म फोर्क, १४ ऑक्टोबर २०२५